घाईत ओतलेली

शनिवारी सहाच्या सुमारास
शहापूरच्या वाचनालयात तो येतो,
लुमाण्णा हलगेकर, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डर,
नखांत काळी वाळू, पिशवीत रिकामा डबा
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मागच्या आठवड्याचं पुस्तक.
'काय वाचू, सर?'
मी कादंबरीकार. असं कुणी विचारलेलं मला आवडतं.

आधी दिली ती, ज्यात राजा येतच नाही.
येतं फक्त त्याचं पत्र, तेही वेढा उठल्यावर.
बाकी सगळी गडावरच्या टाक्यातला गाळ उपसणाऱ्यांची गोष्ट.
म्हणाला, 'बरी हाय की.
आमच्या मालकाला तरी कुणी बघितलंय?'

मग ती जाडजूड, अद्भुताची.
तीन चंद्र, रुसणारी नदी,
सुरुवातीलाच घडी घातलेला नकाशा.
त्यानं नकाशा उलगडला, आडवा धरला, उभा धरला.
'नकाशा हाय म्हणजे भांडण असणार.'
पाचशे पानं वाचून मला जे कळलं होतं
ते त्यानं पहिलं पान उलटायच्या आधी सांगितलं.
बेळगावात जन्मलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

लोखंड खाणाऱ्या पक्ष्याची मी जरा भीतभीतच दिली.
दिवसभर लोखंड वितळवणारा माणूस, हसेल.
'रात्री दोनपर्यंत वाचुलालो. पक्षी खरा हाय.'
कशावरून?
'खाल्ल्यावर त्याला तहान लागते, बगा.
ते ठाऊक असल्याबिगर लिवता येत नाही.'

माझी स्वतःची मी कधीच सुचवत नाही.
(दर्शनी कपाटात, डोळ्यांच्या उंचीला ठेवा,
असं शिवलीलाबाईंना एकदा म्हणालो होतो, एवढंच.)
ती त्यानं आपणहून नेली.
दोन शनिवार आला नाही.
तिसऱ्या शनिवारी पुस्तक टेबलावर ठेवून
पंख्याकडे बघत म्हणाला,
'सर, तोफ फुटली असती.'

रात्री ओतलेली तोफ मी पहाटे बाहेर काढली होती,
दुपारी बुरुजावर चढवून डागली होती.
चार आवृत्त्या. एक पुरस्कार.
एकाच परीक्षणात 'धगधगती' हा शब्द तीनदा.

'एवढं मोठं ओतकाम दोन-तीन दिस मातीतच राहतंय.
घाई केली की आतनं चिरतंय, वरनं दिसत नाही.
पहिल्याच बाराला तुमचा नायक गेला असता,
आणि बाजूला पाण्याची बादली धरून उभा असलेला तो पोरगा.
त्याला तुम्ही नाव बी दिलं नाही.'

'आणि तुमचा तो पक्षी?' मी चिडलोच. 'तो चालतो?'
'पक्षी चालतो. घाई चालत नाही.'

त्या रात्री चालत तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत गेलो.
गेट पडलेलं. मालगाडी संपता संपेना.
डबे मोजायचे सोडून
त्या पोराचं नाव शोधत उभा राहिलो.
चारशे पानं लिहिताना जे लागलं नव्हतं
ते आता काही केल्या सुचेना.

अभिप्रायाच्या वहीत माझ्या कादंबरीपुढे
दोन शब्द आहेत, ठळक, दाबून लिहिलेले:
घाईत ओतलेली.
खोडू का, शिवलीलाबाईंनी हळूच कन्नडात विचारलं.
'ब्याड,' म्हणालो.

काल एक कॉलेजातली मुलगी आली,
ऐतिहासिक काहीतरी द्या म्हणाली.
मी लुमाण्णाकडे बोट दाखवलं.
त्यानं आधी विचारलं, घरात काय काम करतात?
'वडगावात माग आहेत आमचे.'
तो कपाटापुढे बराच वेळ उभा राहिला,
एक काढलं, चाळलं, परत सारलं.
'ही नको. यात राणीचा शालू एका रात्रीत विणलाय.'

तीही माझीच.