सहावा आठवडा

बर्मिंगहॅममध्ये कचरा उचलणारे संपावर गेले,
त्याला आज सहावा आठवडा.
स्मॉल हीथमधून चालत येताना
काळ्या पिशव्या मोजायचं मी सोडून दिलंय.

भिंगाखाली डेस्मंड व्हिटलॉकचं हृदय:
तांदळाच्या कणीएवढा तुकडा, गुलाबी-जांभळा रंगवलेला.
वय एकावन्न. अकरा नंबरची बस चालवायचा,
दिवसभर शहराला प्रदक्षिणा.
आता एक जिना चढला तरी ओठ निळे.

धडधाकट पेशीच्या दारावर रोज बोहारीण येते.
फाटकं, विटकं, झिजलेलं गाठोड्यात बांधते
आणि त्याच्याच बदल्यात
लखलखीत भांडं ठेवून जाते.
(फार हावरी झाली तर नेसतं लुगडंही नेते,
तेही वाईटच.)
पेशी स्वतःला थोडं थोडं खाते
म्हणून तर टिकते.

डेस्मंडच्या पेशींत ती येईनाशी झाली.
का, ते तीन वर्षं शोधतोय.
अनुदान मार्चपर्यंत.

मग विझलेल्या भट्ट्या तशाच पडून राहतात,
फुटतात, आणि आतला जुना मजकूर सांडतो.
जुना म्हणजे, अब्जावधी वर्षांपूर्वीचा,
ह्या भट्ट्या परके जीव म्हणून आत आल्या तेव्हाचा.
आल्या, राहिल्या, चूल सांभाळली.
आडनाव तेवढं बदललं नाही.

पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी नेमकं तेच वाचतात.
फौज उतरते.
चोर नाहीच घरात,
संन्यासी मात्र फासावर.
रोज एक धागा कमी, रोज एक व्रण जास्त.

आमच्या गेटवरचा नवा माणूस
आज माझं ओळखपत्र दोनदा उलटून बघत होता.
एकोणीस वर्षं झाली.
असो.

रुग्णांना प्रयोगशाळा दाखवतात त्या दिवशी डेस्मंड आला होता.
खुर्चीत बसून दम खात त्यानं विचारलं,
‘मग माझ्या आत शत्रू कोण?’
मी म्हणाले, कोणी नाही. केर आहे.
तो इतका हसला की नर्स धावत आली.
‘म्हणजे आमच्या गल्लीसारखंच!’

संध्याकाळी शेजारची नसरीन
पिशव्या स्वतःच्या गाडीत भरत होती.
एक तिला एकटीला उचलेना.
दुसरं टोक मी धरलं.
तळाशी काहीतरी ओलं होतं, आणि कोमट.