मानशीची तार

दर महिन्याच्या सात तारखेला
इनासबाब पेन्शन घेऊन दिवाडीच्या फेरीतून उतरतो,
घरी न जाता आधी माझ्याकडे.
बिस्किटांच्या डब्यातून दोन हजार मोजतो.
तीस वर्षं जहाजाच्या पोटात तेल घातलं, म्हणतो,
त्यातलंच हे थोडं.

मी मानशीच्या दाराला
खारं पाणी ओळखणारी तार बसवते.
चारदा जळली.
एकदा कुर्लीने तोडली.
त्याने हिशेब मागितला नाही,
विचारलं फक्त: कुर्ली केवढी होती?

परवा रात्री अडीचला फळी सरकली,
खाजनात भरती शिरू लागली
आणि त्याचा फोन वाजला.
अनवाणीच गेला बांधावरून,
फळी बसवून आला.

सकाळी म्हणाला,
आवाज वाढव गो जरा.
डावा कान जहाजावरच राहिला.