राडारोडा

घणसोलीच्या खाडीकडे रात्री दोननंतर
दिवे मालवून डंपर येतात.
हासुरामला आवाजावरूनच कळतं
भरलेला कुठला, रिकामा कुठला.
वहीत नंबर टिपलेत त्यानं, सगळे अर्धेच.
नंबरप्लेटवर चिखल फासलेला असतो,
आपल्याच खाडीचा.

सकाळी ओहोटीला मी त्याच्याबरोबर गेले,
अर्ज लिहायला कुणीतरी हवं होतं म्हणून.
तो बोटानं दाखवत होता :
विटा, प्लास्टर, कमोड, गाद्यांचा कापूस,
तिवरांच्या गळ्यापर्यंत.
"हयं निवट्या व्हत्या," म्हणाला,
"आता हात घातला का खिला लागतो."

मी लिहीत होते.
पायाशी फरशीचा तुकडा, पांढऱ्यावर निळं फूल,
कोपऱ्यात कढई आपटल्याचा टवका.
वाशीतली आमची जुनी बिल्डिंग. दुसरा मजला. ओट्याखालची फरशी.
कढई माझ्याच हातून सुटली होती,
तीन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

पुनर्विकासाच्या कागदावर सही केली तेव्हा
कुणी विचारलं नाही, मीही नाही,
भिंती पाडल्यावर त्या जातात कुठं.

"लिवलंस का?"
एका खोडाखाली, त्याच ढिगात,
चिंबोरीनं बीळ केलं होतं,
तोंडाशी निळा कपचा.

'अज्ञात इसमांनी' असं लिहिलं होतं मी.
खोडलं.
त्यावर काय लिहायचं
ते भरतीचं पाणी चपलांपर्यंत आलं
तरी सुचलं नाही.