आकृती तीन

संपादकांचं पत्र चार ओळींचं.
सर्व आकृत्यांतला फॉन्ट एकच असावा.
अक्षरं सात पॉइंटांहून लहान नकोत.
रेषा अर्ध्या पॉइंटाहून बारीक नकोत.
मुदत सोमवार.
मुंग्यांबद्दल एक शब्द नाही.

आमच्या पाच आकृत्या, पाच गावचं पाणी.
पहिलीत एरिअल, दुसरीत टाइम्स,
चौथी तांबोळी मॅडमच्या जुन्या लॅपटॉपवरची,
तिथलं मायक्रोचं चिन्ह माझ्याकडे आलं की
नुसता चौकोन होतो,
दार करायचं राहून गेलेल्या खोलीसारखा.
पाचवीत अंशाच्या चिन्हाऐवजी
कुणीतरी इंग्रजी ओ उचलून वर ठेवलाय.
कुणीतरी म्हणजे मीच, पहिल्या वर्षी.

पाषाणची लॅब, रात्रीचा दीड.
डीप फ्रीझर मधूनच कण्हतो.
हेल्वेटिका आमच्याकडे नाही, तो विकत घ्यावा लागतो.
एरिअल चालवून घे, मॅडम म्हणाल्या,
आरचा पाय कोण बघतंय?
मी बघते.
दोन तास मी आरचे पाय बघतेय,
टीची कापलेली टोपी बघतेय,
आता कँटीनच्या भिंतीवरची पाटीसुद्धा
मला सरळ वाचता येणार नाही.

आकृती तीन मात्र हलेना.
मूळ फाइल रोहिदासच्या जुन्या मशीनबरोबर गेली,
उरलंय ते चित्र,
आणि चित्रातली अक्षरं अक्षरं नसतात,
त्यांना सांगता येत नाही, मोठी व्हा, बदला.
म्हणजे पुन्हा काढणं आलं.
म्हणजे वही.

वेताळ टेकडी, खाणीची कड, एप्रिल.
दहा वारुळं, दुपारी दोनचं तापमान.
रोहिदास घोगरेचं अक्षर उन्हात उकिडवं बसलेलं,
पानाच्या कोपऱ्यात घामाचा नकाशा.
एक ते सहा ठीक.
सात: अडतीस.
हेच आमचं शिखर.
याच्यावर मॅडमनी पाऊण पान लिहिलंय,
काळा कातळ, उघडा उतार, अडकून पडलेली उष्णता,
सहा संदर्भ दिलेत,
मी त्यातले चार वाचलेत.

मग दिवा जवळ ओढला.
आठाचं डोकं मिटलेलं असतं.
याचं उघडं होतं.
दोन बारीक टोकं वर, मुंगीच्या मिशांसारखी,
एक पेन्सिलीची, एक घामात विरघळलेली.

सहा ओळी इंग्रजी आकड्यांत लिहून
सातवीला तो मराठीत उतरला होता.
तीन दोन्हीकडे सारखाच दिसतो, त्यानं काही सांगितलं नाही.
आणि टंकलं होतं मी.

पहाटे साडेपाचला त्याला फोन केला.
तो आता नारायणगावला, द्राक्षांच्या शीतगृहात
रात्रपाळीला तापमानच लिहितो.
वहीचा फोटो बघून हसला.
"चार आहे गं तो. घोगरे गुरुजींचा चार.
म्हणजे माझ्या बापाचा.
ऊन लागलं की हात तिकडंच जातो."
मग जरा थांबून,
"लई गडबड झाली का?"
नाही म्हटलं.

शिखर खाली आलं,
शेजारच्या ठिपक्यांत जाऊन बसलं.
पाऊण पान गेलं, सहा संदर्भ गेले,
पुढचे सगळे क्रमांक एकेक करून मागे ओढले.
मॅडमना लिहिलं: आकृती तीन बदलली आहे,
फॉन्टसोबत थोडं आणखीही.
त्यांचं उत्तर आलं: फोन कर.

खिडकीतून टेकडी दिसायला लागली होती.
चालायला येणारे लोक दिसत होते,
सातवं वारूळ इथून दिसत नाही,
दिसलं असतं तरी मी काय विचारणार होते.

फोन करायच्या आधी
एकदा सगळं तपासलं.
पाच आकृत्या, एरिअल, रेषा एक पॉइंट,
अक्षरं आठ पॉइंट.
आठ.
जवळ जाऊन परत बघितलं.