गावपळण, रात्र तिसरी

परिसंवाद ठरला होता आचऱ्याच्या शाळेत:
अकरा माणसं, दोन प्रोजेक्टर,
आणि दूरच्या दीर्घिकांच्या पोटातली
कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरं.
नेमका देवानं कौल दिला,
गाव रिकामं करा.

मग आम्हीही निघालो शिवेबाहेर
गुरांमागून, कोंबड्यांच्या खुराड्यांमागून.
कारिवडेकर बाईंनी मांजर पिशवीत घातलं,
नागेश्वरननं आलेखांची गुंडाळी छत्रीच्या खोळीत.
खाडीपल्याड झावळ्यांची राहुटी,
आत चटई, चटईवर लॅपटॉप,
आणि सगळ्या समीकरणांना
बांगड्याच्या तिरफळाचा वास.

वाद जुनाच. एक दीर्घिका,
दहा वर्षं जिचा गाभा भट्टीसारखा पेटलेला
आणि दोन वर्षांपूर्वी अचानक विझला.
दोन वर्षं आमच्या हिशेबानं.
खरा विझला तेव्हा हा जांभा नव्हता,
जांभ्याखालचा कातळही नव्हता.
लुईझा म्हणते, धुळीचा ढग आडवा आलाय,
आत सगळं तसंच धगधगतंय.
शमसुद्दीन म्हणतो, खायलाच उरलं नाही काही,
उपाशी आहे ते.
पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय सहकारी’ लिहून
दोघं आजवर भांडत आलेत.

सगुण तारी जाळं विणत ऐकत होता.
“जां दिसनाच नाय, तेचा वजन कसा करतास?”
मी सांगितलं: गाभा भडकतो,
भोवती फिरणारे ढग मागाहून उजळतात, काही दिवसांनी.
त्या उशिरावरून अंतर काढायचं,
ढग किती वेगात फिरतात ते पाहायचं,
मग वजन.
“म्हणजे भरती,” तो म्हणाला.
“खाडीच्या तोंडार इली की माझ्या तरीर
येवक पाऊण तास लागता.
मिया खाडी घड्याळान मोजलंय, पायान नाय.”
शमसुद्दीननं ते वहीत उतरवून घेतलं.

आणि पल्याड, अख्ख्या काळोखात,
कुणाच्यातरी ओसरीवर राहून गेलेला
एक बल्ब.
पहिल्या रात्री सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, कुणाचा रे?
दुसऱ्या रात्री बाई म्हणाल्या,
देव एकटा आहे, असू दे त्याला.
बिल देव भरतलो काय, पुतण्या म्हणाला.
तिसऱ्या रात्री सव्वाअकराला
तो दिसेनासा झाला.

राहुट्यांतून माणसं बाहेर आली.
झावळ आडवी आली असणार.
ह्यॅ, वारा कुठाय?
मग लाईट गेली.
ह्यॅ, चिंदरात तर आहे लाईट.
जाऊन बघूया, असं मात्र कुणी म्हणालं नाही.
लुईझा माझ्या शेजारी उभी होती. हसली नाही.
आपलंही हेच, म्हणाली,
फक्त आपल्याला मनाई नाही,
रस्ता नाही.

शमसुद्दीन रेंज शोधत सड्यावर चढला,
पहाटे उतरला, बुटांवर लाल धूळ.
दुर्बिणीकडून नवा बिंदू आला होता,
एकच,
जुन्या रेषेच्या जरा वर.
चूक म्हणून सोडून द्यावा इतकाच वर.
आम्ही तो आळीपाळीनं बघितला
चहा निवेपर्यंत.

चौथ्या दिवशी कौल झाला.
अकरा शास्त्रज्ञ आणि अर्धा गाव
आधी त्या ओसरीकडे.
ओसरी कारिवडेकर बाईंचीच निघाली.
झावळ पडली होती, बरोबर तारेवर,
आणि तार तुटली होती.
लुईझाचं खरं, शमसुद्दीनचंही खरं,
म्हणून दोघंही नाराज.
“वायरमन सोमवारी येतलो,” पुतण्या म्हणाला.

मांजर पिशवीतून उतरून थेट चुलीपाशी गेलं.
बाई वाकल्या,
तीन रात्री राखेखाली झाकून ठेवलेल्या
सोडणांवर सवयीनं फुंकर घातली.
राख उडाली.
आत काही होतं की नव्हतं,
लगेच कळत नव्हतं.