सहा नंबरचं इलास्टिक

मला कबड्डी कळत नाही.
मला कापड कळतं. कुठे ताणलं, कुठे विरलं,
कुठल्या शिवणीवर कोणाचा जोर पडला.
नंदुरबारात पथाऱ्यांच्या रस्त्याला माझं दुकान.
डिसेंबरात इथे जमीन मिरचीने लाल होते,
गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग माप देतं.

मंडळाची पोरं वर्षातून दोनदा येतात.
दसऱ्याआधी नवे कपडे,
होळीनंतर दुरुस्ती: बनियन, चड्ड्या,
गुडघ्याचे पॅड, मनगटाच्या पट्ट्या.
या होळीला सगळ्या पट्ट्यांचं इलास्टिक सैल,
घामाने पिवळं, बोटांच्या खुणा धरून बसलेलं.
एकच कोरी. सहा नंबर.
सायसिंग पाडवी, डावा कोपरा.
हा खेळला नाही का, मी विचारलं.
खेळला ना मास्तर, सगळ्या म्याच.
पुढे कोणी बोललं नाही.
हवेत एवढा खाट असून कोणी शिंकलंसुद्धा नाही.

नंतर इम्तियाज पिंजारी एकटा आला, बटणं न्यायला,
आणि सांगून गेला, तेही अर्धंच.
कोपऱ्याचं मनगट शेजाऱ्याने धरायचं, तिला साखळी म्हणतात.
गेल्या श्रावणात सायसिंग पोरांना म्हणाला,
सुरतेला ज्याच्याकडे जातो तो नुसता मित्र नाही.
तेव्हापासून शेजारचा उभा राहतो,
पण वीतभर सोडून.
चढाईवाले तिथूनच निसटतात.

दसऱ्याआधी सगळे दुकानात.
हितेंद्र निकुंभने मोबाइल पुढे धरला,
मास्तर, हे रंग. छातीवर.
मी मोजले. सहा.
तानापिहिनिपाजा घोकलेला माणूस मी,
म्हटलं, यातला पारवा कुठे गेला?
यात सहाच असतात, म्हणाला.
मग सुरू झालं.
खेळमा हाई कसाले? आमनी टीम शे, मोर्चा नई.
आणि हरलो तर? लोक म्हणतील, यामुळेच.
इम्तियाज हसला,
आठ वर्षं छातीवर मारुती घेऊन खेळतो मी,
मला नाही झालं वजन.
फोनवर उदेसिंग गिरासे, मिरचीवाले,
ज्यांचं नाव पोटावर छापायचं होतं:
मना नावजोडे नको. पाठीवर लावा.
नाहीतर आतून.

आतून. तेही शिवतो मी.
लोक ताईत शिवून घेतात, नोटा घेतात.

सायसिंग दारातच होता, चप्पल न काढता.
मी पट्टी मागितली नई, म्हणाला.
मना हात धरतस का, ते सांगा.

माझा पाय मशीनवर होता.
मी ती उगाच रिकामी चालवली.

बऱ्याच वेळाने तोच म्हणाला,
लावायचीच तर मनगटावर. सगळ्यांच्या.
नाहीतर एकाच्याही नको.

शिवल्या मी. सहा धाग्यांच्या, बारा जणांच्या.
बरोबर झालं की नाही, मला विचारू नका.
पारव्याचं रीळ तेवढं खोक्यात राहिलं.

दोंडाईच्याच्या सामन्यांनंतर गाठोडं आलं.
निकाल विचारला नाही.
तीन पट्ट्यांवरचे रंग उसवलेले,
इतके नीट, की कोणाच्या तरी आईने बसून काढले असणार;
पोरांना अशी उसवण येत नाही.
एक पट्टी हरवलेली.
एकीचा सुटलेला हिरवा
कोणीतरी काळ्या दोऱ्याने टाचलेला, वाकडा,
जमेल तसा.

सहा नंबर मी उजेडात नेली.
आतल्या बाजूला, नाडी लागते तिथे,
जिथे दुसऱ्याचा अंगठा बसतो,
इलास्टिक जरा सैल होतं.
फार नाही. दोन-तीन चढायांपुरतं.

बदललं नाही.
न्यायला आला की सांगेन,
एवढं ढिलं असू दे.