या खिशातून त्या खिशात

दर महिन्याच्या सहा तारखेला, जेवणं उरकली की
मी पावत्यांचा डबा घेऊन संगणकापुढे बसायचे.
एल्मा समोर विणत असायची.
किराणा, औषधं, गाडीची बॅटरी,
मामेभाऊ गेला तेव्हा पाठवलेली फुलं:
कार्डावरचा एकेक खर्च मी त्या त्या दिवशीच टिपलेला.
मग बँकेतून कार्डाचं बिल भरायचं
आणि तेही लिहायचं. खर्च. वर्ग: क्रेडिट कार्ड.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं
चारशे पोरांची अंडी मोजली मी.
माझी मोजदाद चुकत नसते.

पण कार्डाच्या खात्यात तळाशी एक लाल आकडा होता,
भरलं तरी वाढायचा.
पहिल्या हिवाळ्यात साडेतीन हजार, दुसऱ्यात साडेआठ,
तिसरा सरता सरता चौदा हजार दोनशे सहा डॉलर.
कार्डवाल्यांच्या कागदावर मागची बाकी काहीच नसायची.
मी म्हणायचे, विसरलेत. मोठी माणसं, मोठे हिशोब.
आठवलं की येतील.

म्हणून थर्मोस्टॅट अठ्ठावन्नवर.
म्हणून पेपर बंद, लोण्याऐवजी डब्यातलं पिवळं काहीतरी,
म्हणून नाताळात एल्माने वेलदोड्याचा पाव केला नाही.
का, तेही तिने विचारलं नाही.
जानेवारीत सरोवर गोठतं, खनिजाची जहाजं थांबतात,
डुलुथचं बंदर इतकं गप्प होतं
की रात्री दाराबाहेर कुणाची तरी गाडी थांबल्याचा
मला भास व्हायचा.

मार्चमध्ये, वाचनालयात, संगणकाची मदत मिळते त्या टेबलाशी
होदन नावाची मुलगी होती. जांभळा हिजाब, बोटांना शाई.
तिने माझी नोंद पाहिली, मग मला पाहिलं.
"हा खर्च नाही," म्हणाली, "खर्च तुम्ही तेव्हाच लिहिलात,
बॅटरी घेतली तेव्हा. ही नुसती ट्रान्सफर.
या खिशातून त्या खिशात."
आणि वर्गाच्या चौकटीतलं माझं लिहिणं पुसून
तिथे कार्डाचं खातं निवडलं.
लाल आकडा एका महिन्यापुरता उतरला.
"बाकीचे तुम्ही करा." खुर्ची माझ्याकडे सरकवली.

चौतीस महिने होते.
मधेच चष्मा पुसावा लागला.
शेवटी उरले एकशे अठरा डॉलर, चालू महिन्याचे, खरे.

अंथरूण चांगलं लांबलचक होतं.
आम्हीच दोघी पाय पोटाशी घेऊन निजलो.

घरी येऊन एल्माला सांगितलं. वाटलं, हसेल.
ती टाके मोजत होती. ओळ पुरी केली.
मग म्हणाली, "ऑक्टोबरपासून दाढ दुखतेय."
"बोलली नाहीस?"
"आकडा लाल होता ना."

मी थर्मोस्टॅट अडुसष्टवर नेला.
तळघरात भट्टी खोकली, मग लागली.
दोघी स्वेटर घालूनच बसून राहिलो, घाम येईस्तोवर.
काढायचं कुणाला सुचलं नाही.

दाढ वाचली नाही. चारशे दहा डॉलर, कार्डावर.
त्याच संध्याकाळी लिहिले. खर्च. वर्ग: दात.
परवा सहा तारीख. बिल भरेन,
कुठून: बचत खातं. नाही, चालू.
कुठे: कार्ड.
एवढं मला आता येतं.

पण पाच महिने ती माझ्यासमोर बसून
एकाच बाजूने चावत होती,
भाकरीचा कडा कॉफीत बुडवून मऊ करत होती,
आणि मी पावत्या तारखेप्रमाणे लावत होते.
ते कुठल्या खात्यातून गेलं
हे विचारायला वाचनालयात जाता येत नाही.

फ्रिजवर बाजाराची यादी आहे.
एल्माचं अक्षर, नेहमीपेक्षा मोठं:
वेलदोडे. अंडी.
लोणी. आणि खाली दोन रेघा मारून,
खरं.